क्रँक किती कसावा?

अतिपरिचयाने अवज्ञा होते असे म्हणतात, आणि सायकलच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. चाकात हवा आहे की नाही, हे आपण अंगठ्याने दाबून पाहतो. ब्रेक लागतो की नाही, तेही पाहतो. पण ज्या दोन दांड्यांवर उभे राहून आपण चढ चढतो, त्यांची आठवण त्या कुरकुरू लागल्याखेरीज आपल्याला होत नाही. या दोन दांड्या, उजव्या दांडीला जोडलेल्या दातेरी चकत्या आणि दोन्ही दांड्यांना जोडणारा आस, एवढ्याला मिळून क्रँकसेट म्हणतात. दुकानात नुसते 'क्रँक' म्हटले तरी भागते. आज मी बोलणार आहे ते रोडबाईकच्या, म्हणजे बारीक टायरच्या आणि खाली वळलेल्या हँडलच्या सायकलीच्या क्रँकविषयी. तो बसवावा कसा आणि राखावा कसा, एवढाच आपला विषय.

हा विषय घेण्याला कारण आहे. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, आणि गल्लोगल्ली सायकल दुरुस्त करणारे कारागीर असत. त्यांच्या हातची सायकल म्हणजे काळी, भक्कम, पोलादी. तिच्या क्रँकमध्ये कॉटर पिन असे. पोलादी आस, पोलादी दांडी आणि दोहोंना घट्ट धरणारी पाचरीसारखी पिन. पिन सैल झाली की पायडल मारताना 'टक्' असा आवाज येई. मग कारागीर हातोडीचे चार ठोके देई, नट आवळी, की काम झाले. पोलाद ते मुकाट्याने सोशी.

आता तालुक्याच्या गावची मुलेही रोडबाईक घेऊ लागली आहेत. पुष्कळांनी ती कोणाची तरी वापरलेली, पैसे साठवून घेतलेली असते. तिच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या असतात, काही कार्बनच्या. दुरुस्तीला मात्र ती जाते त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात. कारागीर बिचारा लबाड नसतो. त्याचा हात जुन्या पोलादावर तयार झालेला असतो, इतकेच. तो सवयीने ठोकतो, किंवा जोर लावून 'एकदम टाईट' करून देतो. दांडीला चीर पडते किंवा आटे मरतात, आणि साठवलेल्या पैशांचे पाणी होते. उलट दांडी ढिली राहिली, तर घाटाच्या उतारावर, सगळे वजन पायडलांवर असताना ती आसावरून निसटू शकते. मग प्रश्न पैशांचा राहत नाही.

या दांडीवर भार तरी किती येतो? सत्तर किलो वजनाचा मनुष्य १७० मिलिमीटर लांबीच्या दांडीवर उभा राहिला, की आसाला सुमारे ११७ न्यूटन-मीटर पीळ बसतो. न्यूटन-मीटर या शब्दाने दचकू नये. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले, की जो पीळ पडतो तो साधारण एक न्यूटन-मीटर. आता मिनिटाला ऐंशी फेऱ्या धरा. चार तासांच्या फेरफटक्यात दांडी १९,२०० वेळा फिरते. म्हणजे थोडासा ढिलेपणाही एकाच सकाळी हजारो वेळा घासला जातो.

आता रचना पाहू. क्रँक बसवण्याच्या पद्धती अनेक आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रोडबाईकवर फार दिसू लागलेली पद्धत पोकळ आसाची, म्हणून तीच घेऊ. शिमानो कंपनीच्या अशा क्रँकमध्ये २४ मिलिमीटर व्यासाचा पोलादी आस उजव्या दांडीला कायमचा जोडलेला असतो. तो फ्रेमच्या तळाच्या नळकांड्यातून, म्हणजे कारागिराच्या भाषेतल्या बीबीतून, आरपार जातो. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांवर बेअरिंग असलेले दोन कप बसतात. आसाच्या डाव्या टोकावर दाते असतात, त्यावर डावी दांडी चढते. तिला टोकाला एक टोपी आणि बगलेत दोन बोल्ट असतात. टोपी आणि बोल्ट, या दोघांची कामे निरनिराळी आहेत. हे ध्यानात आले की निम्मा विषय समजला.

टोपीचे काम दांडी धरून ठेवण्याचे नाही. आस बेअरिंगमध्ये डावी-उजवीकडे हलू नये, एवढ्यापुरती ती दांडीला आत ढकलते. तिला लागतो जेमतेम एक न्यूटन-मीटर. म्हणजे टोपीची जी छोटी प्लॅस्टिकची किल्ली मिळते, ती नुसत्या बोटांनी फिरवण्याइतका. त्याहून अधिक आवळली तर बेअरिंग दबते, क्रँक जड फिरतो आणि बेअरिंग लवकर जाते. दांडी धरून ठेवतात ते दोन बोल्ट. त्यांना बारा ते चौदा न्यूटन-मीटर लागतात. टोपी आधी, बोल्ट नंतर, हा क्रम ठरलेला. बोल्ट आवळलेले असताना टोपी फिरवू गेले, तर दांडी जागची हलत नाही, टोपी मात्र फुटते. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार होतो.

बसवायला घेताना नळकांड्याचे आटे रॉकेलच्या फडक्याने पुसावेत आणि ग्रीस लावावे. कप प्रथम हातानेच फिरवावेत. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. न गेल्यास आटे वाकडे लागले आहेत असे समजून मागे फिरवावेत. येथे जोर केला तर फ्रेमचेच आटे मरतात, आणि फ्रेम ही काही रोज घ्यायची वस्तू नव्हे. इंग्लिश पद्धतीच्या नळकांड्यात उजव्या कपाचे आटे उलटे असतात, डाव्याचे सरळ. इटालियन पद्धतीत दोन्ही सरळ असतात. म्हणून कपावर छापलेली अक्षरे आणि बाण आधी पाहावेत. कपांना पस्तीस ते पन्नास न्यूटन-मीटर लागतात, आणि त्यांचा खाचांचा पाना वेगळा येतो. काही फ्रेममध्ये आटेच नसतात, कप दाबून बसवलेले असतात. ते काम दाबयंत्र असलेल्या दुकानातच करून घ्यावे.

नंतर आसाला पातळ ग्रीस लावून, साखळी बाजूला धरून तो उजवीकडून आत सरकवावा. शेवटी अडला तर तळहाताचे किंवा रबरी हातोडीचे हलके धक्के पुरतात. डावी दांडी चढवताना आसावरचा रुंद दाता दांडीतल्या रुंद खाचेशी जुळवावा आणि दोन्ही दांड्या एका रेषेत आल्या आहेत हे पाहावे. मग टोपी. मग दोन बोल्टांच्या मधली छोटी पट्टी खाली दाबावी. तिची पिन आसाच्या भोकात उतरते आणि बोल्ट ढिले झाले तरी दांडी चटकन निसटू देत नाही. पिन उतरत नसेल, तर दांडी पुरती आत गेलेली नाही असे समजावे. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एक पुरता आवळून मग दुसऱ्याला हात घालू नये. हे काम मापाचा पाना, म्हणजे टॉर्क पाना घेऊन करावे. एकट्याला तो महाग वाटला तर चौघांनी मिळून घ्यावा.

पायडलांविषयी एक गंमत सांगतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पुष्कळांना माहीत असते. पण का, ते ठाऊक नसते. मूठ सैल करून तिच्यात पेन्सिल उभी धरा आणि दुसऱ्या हाताने तिचे टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल मुठीच्या आतल्या बाजूवर घासत स्वतःभोवती उलट दिशेने वळू लागेल. पायडलचा दांडाही दांडीच्या भोकात असाच किंचित किंचित वळू पाहतो. ते वळणे आवळण्याच्या दिशेने व्हावे, म्हणून डावे आटे उलटे. उजव्या कपाचे आटे उलटे ठेवण्यामागेही हाच विचार आहे. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी : पाना वर उभा धरून सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पायडले आवळली जातात. इंग्लिश पद्धतीचे कप मात्र मागच्या चाकाकडे ओढल्यावर आवळतात. पायडलच्या आट्यांना ग्रीस लावायला विसरू नये; नाहीतर वर्षभराने ती निघता निघत नाहीत.

आता राखण. आवाज आला की लगेच क्रँकवर आळ घेऊ नये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचे! सीटवरून उठून पायडल मारून पाहावे. आवाज थांबला तर दोष सीटचा किंवा तिच्या दांड्याचा. थांबला नाही तर पायडले आणि चकत्यांचे बोल्ट पाहावेत. मग दोन्ही दांड्या हातात धरून आडव्या हलवाव्यात. एकच दांडी हलत असेल तर तिचे बोल्ट ढिले आहेत, आणि त्या दिवशी सायकलवर बसू नये. दोन्ही मिळून हलत असतील तर बोल्ट सैल करून टोपी नीट करावी. तरी हलत राहिल्या तर बेअरिंग गेले. साखळी चकतीवरून उतरवून क्रँक हाताने फिरवला, की बेअरिंगची खरखर बोटांना कळते.

पावसाळ्यात पाणी सीटच्या नळीतून उतरून तळाशी साचते. भिजून आल्यावर सीटचा दांडा काढून सायकल उलटी करावी. धुताना पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये. चकत्यांचे आयुष्य साखळीवर अवलंबून असते. साखळीच्या चोवीस कड्या बारा इंच भरल्या पाहिजेत. त्या एक सोळांश इंचाने वाढल्या की साखळी बदलावी, म्हणजे चकतीचे दाते वाचतात. शाळेतली फूटपट्टी याला पुरे.

शेवटची गोष्ट वापरलेली सायकल घेणाऱ्यांसाठी. नीट आवळलेल्या दांडीकडेही डोळे लावून पाहावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने १ जुलै २०१९ पूर्वी बनवलेले अकरा गिअरचे काही अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. यांच्या दांड्या दोन भाग चिकटवून पोकळ केलेल्या असतात, आणि तो सांधा सुटत असल्याच्या ४,५१९ तक्रारी अमेरिकेत नोंदल्या गेल्या होत्या; सहा जण जखमी झाले होते. दांडीच्या आतल्या बाजूला क्रमांक असतो. त्यात ६८००, ९०००, आर ८००० किंवा आर ९१०० दिसले, तर सांध्यावर भेग किंवा फट आहे का ते पाहावे आणि कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घ्यावे. इतर कोणत्याही क्रँकवर महिन्यातून एकदा फडके फिरवले, तर चीर असल्यास मळाच्या रेघेने ती आपोआप दिसते.

अति तेथे माती, ही म्हण क्रँकला जशी लागू आहे, तसेच तिचे उलटेही त्याला लागू आहे. जास्त आवळल्याने तो मोडतो आणि कमी आवळल्याने निसटतो. दोहोंच्या मध्ये जे माप आहे, ते कंपनीने बहुधा बोल्टाशेजारी दांडीवरच छापलेले असते. ते एकदा वाचावे, कोपऱ्यावरच्या कारागिरालाही दाखवावे, आणि नव्याने दांडी बसवली असेल तर पहिल्या फेरफटक्यानंतर बोल्ट पुन्हा त्या मापाने तपासावेत. पाच मिनिटांचे काम आहे. घाट उतरायच्या आधी ते झालेले असावे.