अवकाशातली मालगाडी आणि अनामतीची गोष्ट

धायरीतली आपली मुलं रात्री कॉम्प्युटरपुढे बसतात, तेव्हा ती सगळी लढाईच खेळत असतात असं नाही. काही जण चक्क ट्रान्सपोर्टचा धंदा करत असतात. त्या धंद्याची रीत ऐकण्यासारखी आहे, म्हणून आजचा विषय हा.

खेळाचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने तो २००३ साली सुरू केला. चीन सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच अवकाशात खेळतात. त्यात सात हजारांहून जास्त सूर्यमाला आहेत. खनिज काढणारे, जहाजं बांधणारे, विकणारे सगळे खेळाडूच. जिता नावाची तिथली मोठी पेठ, म्हणजे आपलं मार्केटयार्डच म्हणा. पण माल आपोआप पेठेत जात नाही, तो कुणीतरी जहाजात भरून न्यावा लागतो. म्हणून खेळाडूंनीच वाहतूक कंपन्या काढल्या. रेड फ्रॉग फ्रेट ही त्यातली नावाजलेली.

आता मुख्य प्रश्न. कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती माल द्यायचा कसा? उत्तर आहे अनामत. समजा बचत गटाचा चाळीस हजारांचा मसाला पाठवायचा आहे आणि भाडं दीड हजार ठरलं. त्या खेळात वाहतूकदाराला काम घेतानाच चाळीस हजार अनामत ठेवावी लागते. माल पोचला की अनामत आणि भाडं दोन्ही त्याला मिळतं. माल बुडाला किंवा मुदत टळली, तर अनामत मालकाची. म्हणजे मालकाचं नुकसान होत नाही, जोखीम सगळी वाहणाऱ्याची.

जोखीमही खरी आहे. तिथले पोलीस हल्ला झाल्यावर येतात. हल्लेखोराचं जहाज ते फोडतात, पण तोवर मालवाहू जहाजाचाही चुरा झालेला असतो, आणि उरलासुरला माल साथीदार पळवतात. त्यामुळे चांगल्या कंपन्या एका खेपेत ठरावीक किमतीच्या वर माल घेत नाहीत. लुटण्यात फायदाच उरू नये, हा हिशोब! जहाज आपोआप चालू ठेवून चहा प्यायला गेलेला खेळाडू हमखास सापडतो. शहाणा माणूस पुढे एक सोबती पाठवून वाट बघून घेतो.

फसवणूकही होते बरं का. कुणी हलक्या मालावर भरमसाट अनामत लावतो, भाडंही भरघोस देऊ करतो, आणि मग स्वतःच वाटेत हल्ला करून अनामत गिळतो. पूर्वी कुणी माल अशा ठिकाणी मागवायचा, जिथे वाहणाऱ्याला उतरूच दिलं जायचं नाही. भाडं जास्त दिसलं की आधी संशय घ्यावा, हे तिथले जुने खेळाडू नव्यांना सांगत असतात.

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. पूर्वी हुंडेकरी ठरलेल्या रकमेत माल पोचवायचे, वाटेतली जकातही तेच भरायचे. आणि आपल्याच मावळ, मुळशी, खेड भागातल्या माणसांनी उभी केलेली मुंबईची डबेवाल्यांची व्यवस्था बघा. तिथेही डबा वाहणारा नुसता नोकर नसतो, धंद्यात त्याची भागीदारी असते.

टेम्पोवाल्याकडे चाळीस हजार अनामत मागितली तर तो हसेलच. म्हणून माल पाठवताना बिल्टी घ्यावी, तिच्यावर नग आणि किंमत लिहून घ्यावी, मोठ्या मालाचा वाहतूक विमा काढावा, आणि सगळा माल एकाच गाडीत भरू नये.

राहिला मुलांचा प्रश्न. खेळातल्या पैशाला इस्क म्हणतात. खरे पैसे खर्चून तो मिळवता येतो, पण इस्क विकून रुपये करणं खेळाच्या नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. तेव्हा मुलगा ‘मी कमावतो’ म्हणाला, तर कोणत्या पैशात, एवढं विचारून घ्या.