दिंडोरीत एक ब्रेक!
वणीहून नाशिकला परतताना दिंडोरीजवळ 'टेस्टिंग रूम' अशी पाटी दिसली आणि मी गाडी वळवलीच. सुलाने २००५ साली टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून नाशिकला वीकेंड म्हणजे वाइन. इथे मात्र एक काउंटर, चार स्टुलं आणि गिऱ्हाईक आम्ही दोघंच.

ड्रायव्हिंग माझ्याकडे, म्हणून मी घोट चाखून थुंकत होते. (त्यासाठी वेगळं भांडं ठेवतात, लाजू नका!) शेनिन ब्लांक थंडगार, पेरूच्या वासाची. मस्त!

सोबतचा ऑफिसमधला मित्र इथलाच, घरी थॉमसनची बाग. त्याने काउंटरवरचा शिराझचा घड उचलला. "एवढेसे मणी, जाड साल, वर बिया! बाजारात कोण घेणार?"

"रेड वाइनचा रंग त्या सालीतूनच येतो," काउंटरमागचे काका हसले. मग काय, दोघं सुरूच! छाटणी, डाउनी, अवकाळी पाऊस. गेल्या पावसात याच्या घरची बाग झोपली. ती काढायची का, यावर बाप-लेकांत अबोला आहे.

"कराराने माल घेता?"

"घेतो. पण भाव आधीच ठरतो. बाजारात तेजी आली तरी तोच."

मी दोन बाटल्या घेतल्या. त्याने एकही नाही. काकांचा नंबर मात्र घेतला.