उखळीचा सांधा आणि प्लास्टिकची वाटी

आमचा विषय तत्त्वज्ञान. समोर बसलेल्यांत मात्र निम्मे जण शेजारच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करून थेट इथे आलेले दिसतात. गडमुडशिंगीत येऊन तुम्हाला आम्ही बॉल जॉइंट समजावून सांगायचा, म्हणजे गोकुळात दूध विकायला नेण्यासारखेच झाले. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही. आमच्या जुन्या गाडीने तो आमच्या गळ्यात घातला.

गाडी गतिरोधकावरून गेली की पुढच्या उजव्या चाकातून 'टक्' असा आवाज यायचा. एका गॅरेजात शॉकॲब्सॉर्बर बदलून दिला, बिलही घसघशीत लावले, आवाज तसाच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवली, पोराला चाक धरून हलवायला सांगितले आणि स्वतः लोअर आर्मच्या टोकाला बोटे लावून बसले. "सर, वाटी गेलीया," एवढेच म्हणाले. जुना सांधा कापून त्यांनी आम्हाला दाखवला. आत जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, झिजून एका बाजूने कागदासारखी झालेली प्लास्टिकची वाटी. या वस्तूच्या भरवशावर आम्ही आदल्याच आठवड्यात सहकुटुंब आंबा घाट उतरलो होतो! हा सांधा निसटला तर चाक बाहेर फाकते, मग स्टिअरिंग कुठेही फिरवा. त्यानंतर आम्ही मिळेल ते वाचले आणि भेटेल त्याला विचारले.

शाळेत आपण सगळेच 'उखळीचा सांधा' शिकलो. खांदा, खुबा. गाडीच्या पुढच्या चाकालाही तोच लागतो, कारण ते खड्ड्यात वर-खाली उडते आणि त्याच वेळी वळतेही. साधी बिजागरी तिथे चालत नाही. पोलादी दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा, बाहेर पोलादी घर, आणि दोघांच्या मध्ये ही वाटी. जुन्या गाड्यांत धातूवर धातू फिरे, ग्रीसचा निपल असे आणि ठरावीक अंतराने पंप मारावा लागे. विसरलात की सांधा खाल्ला गेलाच.

आता साधा माणूस विचारेल, आम्हीही विचारले, की पोलादाच्या मध्ये हे मऊ काय घातले? सगळ्यात घसरडे प्लास्टिक घ्या आणि मोकळे व्हा. हीच चूक एका फार मोठ्या माणसाने केली होती. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉनइतके घसरडे दुसरे काय असणार? सुमारे ३०० रुग्णांना त्या वाट्या बसवल्या. काही वर्षांतच त्या झिजल्या आणि झिजेचा भुगा आजूबाजूच्या मांसाला बाधला. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली. ती टेफ्लॉनपेक्षा कमी घसरडी, पण टिकली कितीतरी जास्त. घर्षण कमी असणे आणि झीज कमी असणे हे दोन वेगळे गुण आहेत. आमच्या क्षेत्रात अशी गफलत झाली तर फार तर परिसंवादात भांडण होते. तिथे माणसांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले.

गाडीच्या वाटीसाठी बहुतेक जण ॲसिटल वापरतात, म्हणजे पॉलिऑक्सिमिथिलीन. १९६० च्या सुमाराला ते 'डेलरिन' या नावाने बाजारात आले. नायलॉन का नाही? नायलॉन पाणी पितो. काही प्रकार पूर्ण भिजले की वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत पाणी धरतात, आणि मग फुगतात. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. ॲसिटल फारसे भिजत नाही. काचेचे तंतू घालून त्याची ताकद वाढवता येते, पण तेच तंतू गोळ्याला कानसीसारखे घासतात.

पण खरी गोम पदार्थात नाही, दाबात आहे. वाटी गोळ्यावर नुसती बसून चालत नाही. ती सतत थोडी आवळलेली असावी लागते. आवळ कमी पडली की 'टक्'. जास्त झाली की स्टिअरिंग जड होते, वळवल्यावर चाक सहज सरळ येत नाही, शिवाय गोळा आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. म्हणून कारखान्यात दोन आकडे तपासतात: गोळा जागचा हलवायला किती जोर लागतो, आणि हलल्यावर फिरता ठेवायला किती. दोन्हींत फार अंतर असेल तर माल परत.

ही आवळ वर्षानुवर्षे टिकवणे हेच कठीण. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकते, दबते आणि दाब सोडून देते. उष्णतेत हे जास्त वेगाने होते. त्यात ॲसिटल पोलादाच्या आठ-नऊ पट प्रसरण पावते. दोन मिलिमीटरची भिंत ६० अंशांनी तापली तर साधारण १३ मायक्रॉन जाड होते. ऐकायला काहीच नाही, पण चहूबाजूंनी पोलाद असल्यावर ते १३ मायक्रॉन जाणार कुठे? वाटी उन्हाळ्यात चेपली जाते, आणि थंडीत आक्रसली की ढिली पडते. मे महिन्यात केलेली इजा डिसेंबरात ऐकू येते, बरं का!

मग उपाय काय? एक, वाटीला उभ्या खाचा ठेवतात. त्यामुळे ती गोळ्यावर चढते, मापातला थोडा फरक पोटात घालते, वाढायला जागा मिळते आणि खाचांत ग्रीसही राहते. दोन, भिंत सगळीकडे सारखी जाड ठेवतात. साच्यातून निघताना ॲसिटल सुमारे दोन टक्के आक्रसते. जाड जागा जास्त आक्रसली की गोलाई बिघडते. तिसरा उपाय आम्हाला सगळ्यात आवडला. सांधा जुळवून झाल्यावर तो वितळण्याच्या तापमानाच्या बराच खाली, भट्टीत थोडा वेळ तापवतात. जी वाटी पुढे रस्त्यावर दबणारच आहे, तिला कारखान्यातच दबू देतात. ती गोळ्याच्या नेमक्या आकाराला बसते, कुठे-कुठे जास्त असलेला ताण निघून जातो आणि उरते ती आवळ बऱ्यापैकी कायम राहते. नवा सांधा मुद्दाम थोडा जुना करून देतात म्हणा ना.

इथे आमच्यातला मास्तर थोडा आडवाटेला जातो. 'ख' म्हणजे पोकळी, भोक. ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. चाकाच्या तुंब्याचे भोक नीट आहे, आस त्यात बरोबर बसला आहे तो रथ 'सुख', अशी एक व्युत्पत्ती सांगतात. 'दुःख' याच जोडीने लावावे की वेगळे, यावर पंडितांचे एकमत नाही. आम्ही मात्र त्या 'टक्'नंतर कुठल्या बाजूचे, हे सांगायला नको.

मघाशी एका तरुणाने विचारले, हे सगळे केले तरी सांधे लवकर का जातात? बहुतेक वेळा वाटीचा दोष नसतोच. वर जो रबरी बूट असतो तो फाटतो. आत पाणी आणि धूळ शिरते, ग्रीस चिखल होते, गोळा गंजतो आणि गंजलेला गोळा वाटीला महिन्या-दोन महिन्यांत खाऊन टाकतो. आमच्या गाडीचा बूटही फाटलेलाच होता; शॉकॲब्सॉर्बर बदलणाऱ्याच्या नाकासमोर होता तो. सर्व्हिसिंगला गाडी वर चढली की खाली वाकून तेवढा बूट बघा. फाटलेला दिसला आणि सांधा केव्हाचा फाटका हे माहीत नसेल, तर नुसता बूट बदलून भागवू नका, सांधाच बदला. आणि निपल नसलेल्या सांध्यात सुईने ग्रीस भरण्याची जी टूम निघाली आहे ती कृपा करून नको. त्या भोकातूनच पुढचे पाणी आत जाते.