यजमान ड्रॅक्युला

भुताच्या चित्रपटाला पडका वाडा, करकरणारे दार आणि एखादे घुबड एवढे भांडवल पुरते, असा आपला समज. इंग्लंडातल्या हॅमर कंपनीने तो पार मोडला. तिच्या भयपटातले घर कसे झाडूनपुसून लख्ख! मेणबत्त्या तेवताहेत, पाहुण्यासाठी जेवण मांडून ठेवले आहे. आणि यजमान?

टेरेन्स फिशरने दिग्दर्शित केलेला १९५८ सालचा ‘ड्रॅक्युला’च घ्या. जिन्याच्या माथ्यावर काळी आकृती उभी राहते. आता सुळे दिसणार, म्हणून आपण खुर्चीचा हात घट्ट धरावा, तर हा उंचापुरा गृहस्थ झपझप खाली येतो, आपले नाव सांगतो, घर सांभाळणारी बाई गावाला गेली म्हणून पाहुण्याची बॅग स्वतः उचलतो! ख्रिस्तोफर लीने हे सारे इतक्या सहज केले आहे की पुढे डोळे लालभडक होतात तेव्हा खरोखर घात झाल्यासारखे वाटते. त्यानंतर तो जवळजवळ बोलतच नाही.

या थाटामागे पैसा फारसा नव्हता बरे का! थेम्सकाठी ब्रे गावाजवळ एका जुन्या घराच्या आवारात कंपनीने १९५१ पासून संसार मांडला होता. नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन एकाच चित्रपटाचे लाकूडसामान फिरवून दुसऱ्याला वापरी. १९६५ साली तर ड्रॅक्युलाचा किल्ला आणि रास्पुतिनचा रशिया एकाच नेपथ्यात उरकला. आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंगही असाच नेटका. शेवटी तो मेजावरून धावत जाऊन पडदे ओढतो, दोन बत्तीदाने आडवीउभी धरून क्रूस करतो. ही कल्पना कुशिंगचीच. घरातल्याच वस्तू शस्त्रे झाल्या!

म्हणूनच १९५९ चा ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ मला सलतो. विषय ठगांचा, नाव मुंबईचे, माती ब्रेची. कालीचा मुख्य पुजारी झाला आहे सायप्रसचा जॉर्ज पॅस्टेल. तेही एक वेळ चालले असते. पण ठग वाटसरूंशी दोस्ती करीत, दिवसेंदिवस सोबत चालत, गप्पागोष्टी करीत आणि मग रुमाल काढीत. म्हणजे गोड बोलणारा मारेकरी, हॅमरचा हातखंडा विषय! चित्रपटाचा सारा जोर मात्र देवळातल्या आरड्याओरड्यावर आणि छळावर. गोऱ्या सरदाराला भीतिदायक होण्यासाठी सभ्यपणा लाभला. आमच्या माणसांच्या वाट्याला नुसते डोळे वटारणे आले.

घरच्या मंडळींना दाखवायचा तर ‘ड्रॅक्युला’च दाखवा. फक्त तो जिना उतरू लागला की कुणाला पाणी आणायला उठवू नका.