स्क्रीनशॉट निघाला, पण कशाचा?

२००९ साली गोदामाच्या शिलकीचा स्क्रीनशॉट दर तासाला काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. गोदामाचं जुनं सॉफ्टवेअर रिपोर्ट देत नसे, म्हणून ऑटोहॉटकी या विंडोजवरची कामं आपोआप करणाऱ्या टूलमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: विंडो पुढे आणायची, ऑल्ट-प्रिंटस्क्रीन दाबायचं, पेंटमध्ये पेस्ट करून सेव्ह करायचं. फाइली वेळच्या वेळी तयार होत. महिनाअखेरीला हिशेब जुळवताना अकाउंट्सच्या बाईंनी दाखवलं, की अकरा आणि बाराचं चित्र एकच आहे.

क्लिपबोर्डवर नवं चित्र पोचायच्या आतच पेस्ट होत होतं. त्या दोन पायऱ्यांमधला थांबा, म्हणजे स्लीप, अर्ध्या सेकंदावरून एक, मग तीन सेकंदांवर नेला. मशीन मोकळं असलं की जमे, ताण आला की पुन्हा तेच. दोन वर्षं या आकड्यात गेली, आणि ती वायाच गेली. उपाय मॅन्युअलमध्ये होता: आधी क्लिपबोर्ड रिकामा करायचा, मग क्लिपवेट या कमांडने थांबायचं. त्यातही मेख आहे. क्लिपवेट एरवी मजकुराची किंवा फाइलींची वाट पाहतो. नुसतं चित्र त्याच्या हिशेबी नसतं. दुसऱ्या पॅरामीटरला १ दिला तरच ते धरलं जातं. तो १ टाकल्यापासून शिळं चित्र एकदाही आलेलं नाही.

पुढे काम सर्व्हरवर, रिमोट डेस्कटॉपमध्ये गेलं. दिवसाची चित्रं नीट, रात्रीची काळीकुट्ट. घरी जाताना कुणीतरी सेशन डिस्कनेक्ट करत असे, आणि मग पडदा रंगवलाच जात नसे. विंडोजच्या टीएसकॉन कमांडने सेशन कन्सोलला जोडल्यावर सुटलं. पण तसं मशीन अनलॉक राहतं, त्यामुळे सर्व्हरच्या खोलीला कुलूप हवंच.

नव्या लॅपटॉपवर पडद्याचं स्केलिंग १२५ टक्के होतं. तोवर पेंट सोडून घेतलेलं जुनं टूल १९२०×१०८० चा पडदा १५३६×८६४ समजे. उजवीकडचे रकाने कापले जात, आणि शिलकीचा रकाना तिथेच!

डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सगळी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता चित्र सेव्ह झालं की ते आधीच्या चित्राशी ताडून पाहिलं जातं, आणि तेच किंवा पूर्ण काळं निघालं तर मला मेल येतो. ही तपासणी पहिल्याच दिवशी घालायला हवी होती. तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट चालू असेल, तर गेल्या महिन्यातली कुठलीही पाच चित्रं आजच उघडून बघा.