बंदूक कुणाच्या हातात?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपण सारे जाणतो. बंदुका घेतलेल्या त्या काळ्या तरुणांची छायाचित्रेही आपण पाहिली आहेत. त्यांनी कायदा झुगारला, असा आपल्याकडे समज आहे. मला नेमके उलटे सांगायचे आहे. त्यांनी कायदा पाळला, म्हणून कायदाच बदलला गेला.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हा पक्ष स्थापन केला. त्या राज्यात तेव्हा बंदूक लपवून नेण्यास परवाना लागे. परंतु भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास मुभा होती. न्यूटनने कायद्याचा अभ्यास केला होता. पोलिसांनी एखाद्या काळ्या माणसाला रस्त्यात अडवले, की पँथर बंदुका घेऊन काही अंतरावर उभे राहत आणि त्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगत.

एप्रिल १९६७ मध्ये डॉन मलफर्ड या रिपब्लिकन आमदाराने भरलेल्या बंदुकीवर बंदी घालणारे विधेयक आणले. २ मे रोजी सुमारे तीस पँथर सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात निषेधासाठी गेले. त्यांतले बरेच सशस्त्र होते. विधेयक अधिकच घाईने पुढे सरकले. २८ जुलैला गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. नॅशनल रायफल असोसिएशननेही तेव्हा पाठिंबाच दिला. कायद्याच्या मजकुरात 'काळा' हा शब्द कुठेही नाही. त्याची गरजही नव्हती.

पुढे पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना कुणाला द्यायचा, हे शेरीफ किंवा पोलिसप्रमुख ठरवीत राहिले. अर्जदाराचे कारण 'योग्य' आहे की नाही, याचा निवाडा त्यांच्याच हाती. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट घटनाबाह्य ठरवली. तेव्हा कॅलिफोर्नियाने ती अट काढली आणि २०२४ पासून किमान २१ वर्षे वय, १६ तासांचे प्रशिक्षण अशा अटी लागू केल्या. बंदूक विकत घेतानाही पूर्वेतिहासाची तपासणी होते व दहा दिवस थांबावे लागते.

मी बंदुकीचा पुरस्कर्ता नाही. तिकडे गोळीने होणाऱ्या खुनांत काळ्या तरुणांचाच बळी सर्वाधिक जातो, हे मी विसरत नाही. बंदुकीवर निर्बंध असावेत, असेच माझे मत आहे. परंतु बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त दाखवून दिले होते, की चातुर्वर्ण्याने खालच्यांना शस्त्र नाकारले म्हणून ते बंड करू शकले नाहीत. तिथे नकार धर्माच्या नावाने होता. कॅलिफोर्नियात तो सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने आला.

म्हणून समान दिसणारा कोणताही कायदा हाती आला, की मी प्रथम त्याची तारीख पाहतो, आणि त्याच्या आदल्या महिन्यात कुणी आपला हक्क वापरला होता ते शोधतो.