काळा पडलेला पडदा

संगणकाच्या पडद्यावरील चित्र स्थिर भासते. वस्तुतः ते सेकंदाला बहुधा ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटामागेही हेच तत्त्व होते: वेगाने येणारी सुटी चित्रे डोळा जोडून घेतो.

पडद्याला झेपणारे वेग ओळखून चित्र पाठविण्याचे काम संगणकातील ‘ड्रायव्हर’ नामक आज्ञावली करते. ती बिघडली की चित्र अडखळते. न झेपणारा वेग निवडल्यास पडदा काळा पडतो. अशा वेळी घाबरू नये. विंडोज प्रणालीत नव्या वेगास मान्यता न दिल्यास सुमारे १५ सेकंदांत पूर्वीचा वेग परततो. दोष तरीही राहिल्यास तार घट्ट बसवावी, ड्रायव्हर पुन्हा स्थापावा. मगच जेल रोडच्या बाजाराची वाट धरावी. निदानाआधी खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.